टिपायचं, पुसायचं नाही

बीट उपटून नेलं की फाल्स्टरची शेतं
नोव्हेंबरात उघडी पडायची,
आणि साखर कारखान्यातून निवृत्त झालेला टॉर्किल
कानांवर हेडफोन चढवून निघायचा.
मागे मी, अकरा वर्षांची,
त्याचं खुरपं सांभाळत.

त्या दुपारी बाटल्यांची नऊ बुचं,
ट्रॅक्टरचा एक नट, शिशाची गोळी,
आणि अंधार पडता पडता
ढेकळातून निघालं तांब्याचं एक स्किलिंग,
कोटाच्या बटणाएवढं, शेवाळी.
मी ते पँटवर घासायला गेले.
त्यानं मनगट धरलं.
"त्याच्या गालावर वाळूचा कण आहे.
तू घासलंस, की तो नांगर होईल."

घरी मुरंब्याची रिकामी बरणी,
पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी,
तळाशी नाणं.
पहिल्या दिवशी पाणी चहासारखं झालं,
चौथ्या दिवशी पेंढ्याच्या रंगाचं.
रोज बदलायचं, हलवायचं नाही,
आणि शाळेतून आल्यावर विचारायचं नाही,
झालं का.

मी विचारायचेच.
"तू झालीस का?" तो म्हणायचा,
आणि पाव कापत राहायचा.

तिसऱ्या आठवड्यात भिंग बाहेर आलं,
आणि कुंपणावरच्या रानगुलाबाचा एक काटा.
लोखंड नको, ब्रश नको.
छापा राखायचा तर काटाच लागतो.
ओल्या मातीचा एकेक कण
कानातला मळ काढावा तसा काढायचा,
मग कापूस टेकवायचा. टेकवायचा फक्त.
टिपायचं, पुसायचं नाही.
हिरवं निघत नसेल तर राहू द्यायचं;
ती घाण नव्हे, कातडी आहे.
फिकट हिरवी भुकटी सुटली तर मात्र सांग,
तो आजार असतो, ओल लागून परत परत उठणारा.

पलीकडच्या गल्लीत ब्यॉर्गे
नाणी व्हिनेगरमध्ये बुडवायचा.
त्याच्या काचेच्या कपाटात ती लखलखायची,
सगळी सारखी,
कवळीतल्या दातांसारखी.

एकदा चांदीचं मिळालं, माशाच्या खवल्याइतकं पातळ.
टॉर्किलनं त्याला पाणीही दाखवलं नाही.
मातीसकट डबीत ठेवलं,
जागा लिहिली, तारीख लिहिली, संग्रहालयाला फोन केला.
"हे आपलं नाही," म्हणाला.
"त्याच्यावरची मातीही आपली नाही."

मग त्या हिवाळ्यात कधीतरी,
बाहेर बर्फ की पाऊस ते ठरत नव्हतं,
त्यानं खिडकीतल्या बशीतून एक चकती उचलून
माझ्या तळहातावर ठेवली.
पिवळी, गुळगुळीत. छापा नाही, काटा नाही.
तो नऊ वर्षांचा असताना बापाला नांगरताना मिळालेली.
बापाला खूश करायचं म्हणून
त्यानं ती राखेनं, मग विटेच्या चुऱ्यानं
अख्खा रविवार घासली होती.
"चकाकली?" मी विचारलं.
"खूप."
"आणि बाबा?"
"त्यांनी विचारलं, कुणाचं होतं रे?"

मार्चमध्ये, पेरणीच्या आधी,
आम्ही ती चकती बांधाजवळ पुरली, वीतभर खोल.
मी म्हटलं, चेहरा परत येईल का?
"वेडी आहेस का," तो म्हणाला. "रंग येईल.
मातीकडे वेळ आहे, तेवढं ती करेल."

पुढच्या नोव्हेंबरात यंत्र मी धरलं होतं.
बांधाजवळ कानात खणखणीत सूर वाजला,
इतका स्वच्छ की मी खाली वाकलेच.
टॉर्किल पुढे चालतच होता.
मागे न बघता म्हणाला,
"ते ओळखीचं आहे. चल."